मागच्या काचेवरचं नाव

पाण्याच्या जगाला गोमतीबाई जग म्हणत नसे. चांगला प्लास्टिकचा निळा जग, झाकण हरवलेलं, कानाला दोरी बांधलेली. पण ती त्याला लोटा म्हणायची. लोटा कसा असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण नवऱ्याचं नाव जगदेव, आणि नवऱ्याच्या नावाची सुरुवात ज्या शब्दानं होते तो शब्द बाईमाणसानं तोंडातून काढायचा तरी कसा? म्हणून लोक ‘जगात असं असतं’ म्हणत, तिथं ती ‘दुनियेत असं असते’ म्हणायची. कोणाची तूर जगली का हे विचारायचं झालं, तर ‘वाचली का’ असं विचारायची. जगदेवला हाक मारायची झाली तर पुण्याला कंपनीत असलेल्या लेकाच्या आडून, ‘बबलूचे बाबा’. आपल्याला ही बंदी नाही, म्हणून आपण खुशाल जगदेव म्हणू.

आसेगावच्या रस्त्यावर एका फाट्याशी या नवराबायकोचं चहाचं दुकान. टिनाचं शेड, बाहेर दोन बाकडी. शेगडीवर चार पत्रे आले की आपल्याकडं तिचं हाटेल होतं, तसं हे हाटेल. जगदेव भजे तळायचा आणि बोलायचा, गोमतीबाई चहा करायची आणि ऐकायची. दिल्लीपासून फाट्यापर्यंतच्या सगळ्या कारभारावर जगदेवचं मत तयार असे. गोमतीबाईचं मत कोणी विचारत नसे आणि विचारलं तर ती म्हणायची, “बबलूच्या बाबाले इचारा.”

हे नाव न घेण्याचं वेड तिनं रिसोडकडच्या माहेराहून आणलं होतं. तिथं आजी सांगायची, घरधन्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य सरतं. असल्या गोष्टी सगळ्याच पोरी ऐकतात आणि सोयीनं विसरतात. गोमतीबाई विसरू शकली नाही, त्याला कारण घडलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शेतात बैल उधळला. जगदेव पाठमोरा वाकून काहीतरी करत होता. बैल सरळ त्याच्यावर येताना पाहून ही बांधावरून त्याच्या नावानं ओरडली. तो बाजूला झाला, बैल निघून गेला. पण महिन्याच्या आत जगदेवला विषमज्वर झाला आणि घरातली माणसं आशा सोडून बसली. सासू भागिरथा तशी वाईट नव्हती, पण लेकाच्या उशाशी बसून ती एकच बोलली, “नाव घेतलंस ना. आता भोग.” गोमती ओरडली म्हणून जगदेव वाचला, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात राहिली नाही. ताप मात्र सगळ्यांनी तिच्याच माथी मारला. जगदेव उठला, भागिरथा पुढं म्हातारी होऊन गेली, सून स्वतः म्हातारी होत आली; पण ते नाव तिच्या तोंडून पुन्हा कधी सुटं बाहेर पडलं नाही.

सुटं म्हणजे उखाण्यावाचून. उखाण्यात चालतं. उखाण्यात नवऱ्याच्या नावाला पुढूनमागून शब्दांचं कुंपण असतं, तिथं दोष लागत नाही, असं तिचं गणित. तिचा उखाणा ठरलेला होता, लग्नापासूनचा एकच:

“कपाशीले बोंड, तुरीले शेंगा,
जगदेवरावांचं नाव घेते, घालू नका दंगा.”

हा उखाणा फाट्यावर सगळ्यांत जास्त आवडायचा तो शाळेच्या पोरींना. आतल्या खेड्यातून सकाळी पाचसहा पोरी सायकलींवर आसेगावच्या शाळेत जायच्या. सरकारकडून मिळालेल्या सायकली, सगळ्या एका रंगाच्या. फाट्यावर त्या पाणी प्यायला थांबायच्या. त्यांच्यात दहावीची रंजीता, राजपालची पोरगी, सगळ्यांत वात्रट.

“काकू, ते पाण्याचं काय आहे वं?”

“लोटा.”

“लोटा कुठं, जग हाये ते. म्हणा बरं, ज...”

“तुले मास्तरीण व्हायची लय हौस हाये. पी पाणी अन् पळ.”

“मंग उखाणा घ्या, तवा जाऊ.”

आणि गोमतीबाई पदर तोंडाशी नेऊन उखाणा घ्यायची. ‘दंगा’ म्हटलं की पोरी मिळून घंट्या वाजवायच्या. गोमतीबाईला पोरगी नव्हती. सकाळच्या त्या घंट्या ऐकल्यावर तिचा दिवस सुरू व्हायचा, आणि सुट्टी असली की ती उगाच चिडचिड करायची.

त्या पावसाळ्यानंतर रस्त्यावर एक नवी काळी-पिवळी जीप आली. कामरगावकडच्या कोणी मालकानं या मार्गावर टाकलेली. मागच्या काचेवर रेडियमच्या लाल-पिवळ्या अक्षरांत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच नाव, मालकाच्या मेलेल्या बापाचं: जगदेव. गोमतीबाई चौथी शिकलेली. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा तिनं चटकन पदर ओढला, जणू घरधनीच भररस्त्यात उघडा उभा आहे. जगदेवची मात्र छाती फुगली. “पाय,” तो बायकोला म्हणाला, “आपलं नाव मंगरूळपिरापर्यंत फिरून राह्यलं, अन् तेही फुकटात.” त्या दिवसापासून जीपच्या ड्रायव्हरला भज्यांची पुडी वजनाला जरा जास्त भरू लागली. ड्रायव्हर विशीपंचविशीचा, हसतमुख, काकूंना ‘नमस्कार’ म्हणणारा. त्याचं खरं नाव कोणी विचारलं नाही. गाडीवरून माणूस ओळखायची आपली रीत. फाट्यावर तो ‘जगदेववाला’ झाला.

या जगदेववाल्याला सकाळच्या एसटीच्या पुढं पळायचं असे. एसटी यायच्या आधी रस्त्यावरची माणसं उचलायची, यात त्याची कमाई होती. ते एक वेळ समजता येईल. पण पोरींच्या सायकली दिसल्या की त्याच्या अंगात काय शिरायचं कोण जाणे. गाडी अगदी मागं आणायची, कानात हॉर्न मारायचा, आणि हँडलला वारा लागेल इतक्या जवळून काढायची. याला पोट्टे ‘कट मारणं’ म्हणतात. रस्ता नवा झालेला, डांबर चांगलं वीतभर उंच. कडेची साइडपट्टी कोणी भरलीच नव्हती. डांबरावरून खाली उतरलं की सायकल कलंडणारच. पोरी हॉर्न ऐकताच जीव मुठीत धरून खाली उड्या टाकायच्या. जीपमधली टपावर-पायरीवर लटकलेली माणसं हसायची. एकदा मंजू नावाची बारकी पोरगी दप्तरासकट बाभळीच्या काट्यांत गेली. तिचं कोपर फुटलं. घरी तिनं सायकलची साखळी पडली म्हणून सांगितलं.

खोटं का सांगितलं, ते रंजीतानं गोमतीबाईला सांगितलं. त्या दिवशी बाकीच्या पोरी पुढं गेल्या आणि ती मागं रेंगाळली.

“काकू, घरी कळलं ना, तं सायकल गुराच्या कोठ्यात लावतीन, अन् मले बी घरात बसवतीन. मायी माय तं वाटच पाहून राह्यली. शाळेत पोलीस मॅडम आल्या होत्या. त्यायनं नंबर देला. गाडी कोणती हाये तेवढं सांगा म्हणे, सांगणाऱ्याचं नाव आमी कोणाले सांगत नाही. तुमी सांगता का? मोठ्या माणसाचं ऐकतात.”

तिनं हाताचा तळवा पुढं केला. तळव्यावर पेननं नंबर लिहिलेला, घामानं थोडा फिसकटलेला. गोमतीबाईनं तो चहाच्या पुड्याच्या मागं उतरून घेतला. पोरीनं एवढ्या विश्वासानं काही मागितलं, याचंच तिला अप्रूप वाटलं. “सांगतो,” ती म्हणाली. “तू अभ्यासाचं पाय.”

जगदेवला सांगण्यात अर्थ नव्हता. तिनं एकदा आडून विचारून पाहिलं होतं, “आवो, थो जीपवाला पोरीयच्या अंगावरून गाडी काढते, कोणाले सांगा लागन.” त्यावर जगदेव झारा कढईवर आपटून म्हणाला होता, “आपल्याले काय करायचं? गिऱ्हाईक हाये आपलं. रस्ता सरकारचा, गाडी त्याची, पोरी राजपालच्या. तुह्या बापाचं काय जाते?” म्हणून तो बेसन आणायला गेला तेव्हा तिनं शेडच्या मागं, पाण्याच्या ड्रमाआड उभं राहून फोन लावला.

“पोलीस नियंत्रण कक्ष, बोला.” आवाज बाईचा, तरुण आणि समजूतदार. गोमतीबाईला धीर आला. फाटा कोणता, रस्ता कोणता, पोरींचं कसं होतं, सगळं तिनं नीट सांगितलं. तिकडची बाई सगळं ऐकून घेत होती.

“गाडीचा नंबर सांगता का, काकू?”

नंबर कुठला! मागची पाटी वाकलेली आणि चिखलानं माखलेली. गोमतीबाईनं तसं सांगितलं.

“ड्रायव्हरचं नाव?”

“त्याचं नाव... त्याले गाडीच्याच नावानं बलावतात.”

“मग गाडीवर काय नाव आहे?”

गोमतीबाईनं मागं वळून पाहिलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. ड्रमावर एक कावळा बसलेला, तोही तिच्याकडं पाहत नव्हता. पण नाव जिभेवर येऊन तिथंच बसलं.

“आमच्या घरी हाये तेच नाव, ताई.”

“म्हणजे? गाडी तुमच्या घरची आहे का?”

“नाई, नाई. बबलूच्या बाबाचं हाये ते.”

“बबलूच्या बाबांची गाडी? बबलू कोण?”

“माया पोरगा. गाडी नाई वं ताई, नाव. नाव त्यायचं हाये.”

“काकू, सावकाश सांगा. मी थांबते. गाडीवर जे लिहिलंय तेवढंच बोला.”

आता तिच्यापुढं एकच वाट होती आणि ती तिला अगदी सरळ वाटली. तिनं पदर सावरला, डोळे मिटले आणि पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला उखाणा घातला. घाईघाईत, पुटपुटत. नाव तर तिनं इतकं हळू घेतलं की ते तिच्या तिलाच ऐकू आलं नाही. जोरात निघाला तो शेवटचा शब्द, कारण तिथं पोरींच्या घंट्या वाजवून घ्यायची सवय होती.

“दंगा?” तिकडचा आवाज एकदम बदलला. “कुठं दंगा सुरू आहे? किती लोक आहेत?”

गोमतीबाईनं घाबरून फोन कट केला.

हसू येतं, नाही? फाटा तर कित्येक दिवस हसला. मोबाईल कढईशेजारी ठेवून ती चहा उकळायला लागली तोवर जगदेव आला आणि मोबाईल वाजला. त्यानं उचलला. “नाई मॅडम, इथं कायचा दंगा? बाईमाणसानं चुकून बटन दाबलं असन.” मग बायकोकडं त्यानं असं पाहिलं की तिनं न विचारता सगळं सांगून टाकलं. तो ओरडला नाही. “फाट्यावर धंदा करायचा का नाही तुले?” एवढंच म्हणाला आणि कांदा चिरायला बसला.

पण पोलीस ते पोलीस. दंग्याचा फोन आला म्हटल्यावर पाहून यावं लागतं. तासाभरात दोन शिपाई मोटारसायकलवर आले. त्या वेळी हाटेलात पाचसात माणसं होती, आणि त्यांत, बाकड्यावर पाय पसरून, मिरचीला मीठ लावत जगदेववाला बसला होता. त्याची जीप समोर, पाठ हाटेलाकडं करून उभी. काचेवरचं रेडियम उन्हात नुसतं चमकत होतं.

“इथून दंग्याचा फोन कोणी केला?”

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. जगदेव हसत सगळं उलगडायला पुढं झाला, पण दोघांतला वयानं मोठा शिपाई गोमतीबाईजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “काकू, कंट्रोलच्या मॅडम म्हणत होत्या, तुम्ही पोरींचं आणि कोण्या गाडीचं काहीतरी सांगत होत्या. कोणती गाडी?”

खरं पाहिलं तर नाव घ्यायचीही गरज नव्हती. नुसतं बोट वर करायचं होतं. शिपायाच्या खांद्यावरून तिला ती अक्षरं दिसत होती. जगदेव तिच्याकडं पाहत होता. जगदेववालाही पाहत होता, त्याच हसऱ्या तोंडानं. त्याच्या मनात शंकाही नव्हती, काकू चहा करते, ती काय सांगणार? आणि बाकीची माणसं आता काय गंमत होते म्हणून कान देऊन होती.

“चुकून लागला, साहेब,” गोमतीबाई म्हणाली. “मी उखाणा म्हणून राह्यली होती.”

मग हाटेलात जे हसू फुटलं ते विचारू नका. शिपाईही हसला. जाताना मात्र तो पुन्हा म्हणाला, “काही असलं तं सांगत जा, काकू.” त्याला दोष देता येत नाही. फोनवरच्या त्या पोरीलाही देता येत नाही. दोष ठेवायला दुसरं कोणी असतं तर गोमतीबाईला पुढचे दिवस जरा सोपे गेले असते.

तेव्हापासून ती ‘दंगाकाकू’ झाली. जगदेववाला तर येतानाच ओरडायचा, “दंगाकाकू, एक कट चहा.” ती द्यायची.

दुसऱ्या दिवशी पोरी आल्या. रंजीतानं सायकल उभी न करताच विचारलं, “काकू, पोलीस आले होते म्हणे काल. सांगितलं ना तुमी?”

खरं सांगायला काय लागलं असतं? सगळा फाटा हसला तशी तीही हसली असती, आणि मग दुसरं काही सुचलं असतं. पण आदल्या दिवसाची लाज अजून ओली होती, आणि ही एकच पोरगी होती जी तिला हसत नव्हती. तिच्या नजरेत उतरायचं गोमतीबाईच्या जिवावर आलं.

“सांगितलं,” ती म्हणाली.

“मले माहीत होतं,” रंजीता म्हणाली, आणि पाणी न पिताच गेली, बाकीच्या पोरींना सांगायला.

पुढं काही दिवस जीप सकाळी आलीच नाही. कुठं दुरुस्तीला होती की काय, पण पोरींना वाटलं, पोलिसांचा धाक बसला. मग ती पुन्हा यायला लागली, आणि गोमतीबाईच्या एक गोष्ट ध्यानात आली. पोरी आता हॉर्नला घाबरत नव्हत्या. आधी हॉर्न वाजला की साइडपट्टीवर उतरायच्या, त्या आता डांबराच्या कडेनं तशाच सरळ चालवत राहायच्या. रंजीता तर मागं वळूनही पाहत नसे. पोलिसांत सांगितलं आहे, आता त्याची काय बिशाद! गोमतीबाई चहाच्या भांड्यावरून पाहायची आणि चहा उतू जायचा. उद्या सांगू, असं ती रोज ठरवायची. उद्या पोरी आल्या की पाणी द्यायची, उखाणा म्हणायची, आणि त्या घंट्या वाजवत निघून जायच्या.

धुईचे, सकाळच्या दाट धुक्याचे दिवस होते, तूर भरात आलेली. सकाळी हॉर्न वाजला तो गोमतीबाईनं ऐकला. नेहमीसारखाच लांबलचक हॉर्न. त्याच्यामागं जो आवाज आला तो मात्र नेहमीचा नव्हता. मग मंजू धावत आली, एका पायात चप्पल नसलेली, आणि तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

रंजीता साइडपट्टीच्या खाली पडली होती. सायकलचं पुढचं चाक वळून बसलेलं. डावा पाय जसा नसावा तसा झालेला. ती शुद्धीत होती आणि रडत नव्हती, हे सगळ्यांत वाईट. जीप थांबली नव्हती. जगदेवनं स्वतःची चादर आणली, दूधवाल्याची गाडी अडवली आणि पोरीला उचलून त्यात घातलं. गोमतीबाई रस्त्यावर निळा जग घेऊन उभी राहिली. पाणी कोणी मागितलं नव्हतं.

दुपारी पोलीस आले. एक तोच, मागच्या वेळचा मोठा शिपाई. बाकीच्या पोरींना आयांनी घरात ओढून दारं लावून घेतली होती. पोरीच्या जातीला ठाण्याची पायरी नको. राजपाल लेकीबरोबर अकोल्याला गेला होता. शिपायानं हाटेलातल्या एकेकाला विचारलं. काळी-पिवळी होती एवढं सगळे सांगत होते. काळ्या-पिवळ्या तर रस्त्यावर पुष्कळ. कोणती, ते कोणी पाहिलं नव्हतं. धुई होती, साहेब. पाठ होती, साहेब. उद्या त्याच रस्त्यानं, त्याच गाड्यांत बसून बाजाराला जायचं, म्हणून कोणाला काही दिसलं नव्हतं.

“तुम्ही?” शिपायानं जगदेवला विचारलं.

जगदेव कढईकडं पाहत होता. कढईत तेल होतं, भजे नव्हते. “आमी पाह्यलं नाई,” तो म्हणाला.

“जगदेव,” गोमतीबाई म्हणाली.

स्पष्ट, मोठ्यानं, पुढंमागं काही नाही. जगदेवला वाटलं, आपल्यालाच हाक आली. “काय वं?” म्हणून तो वळला, आणि वळल्यावर त्याच्या ध्यानात आलं की नाव बायकोच्या तोंडून आलं आहे. तो तसाच उभा राहिला.

“कोण जगदेव?” शिपायानं विचारलं.

“गाडी. मागच्या काचीवर रेडियमनं लिहेल हाये. जगदेव. रोज पोरीयले कट मारते. मागच्या टायमाले तुमी आले तवा इथंच उभी होती, तुमच्या पाठीमांगं.” मग ती पुन्हा एकदा म्हणाली, “जगदेव,” जणू शिपायाला लिहून घ्यायला सोपं जावं. तिची जीभ झडली नाही. आभाळ कोसळलं नाही. इतकं सोपं होतं ते.

जीप संध्याकाळच्या आत एका शेताच्या कडेला, पालापाचोळ्याखाली सापडली. ड्रायव्हरला त्याच्या मावशीच्या घरून आणलं. त्याचं नाव लखन, हे फाट्याला तेव्हा कळलं. ठाण्यात तो म्हणे लहान पोरासारखा रडला. आपण फक्त कट मारत होतो, धक्का द्यायचा नव्हता, ती खाली का उतरली नाही हेच त्याला कळेना. रोज तर उतरायची. हे कानावर आलं तेव्हा गोमतीबाई भांडी घासत होती. रंजीता का उतरली नाही, हे दुनियेत तिला एकटीला माहीत होतं.

जगदेवला काही झालं नाही. ताप नाही की खोकला नाही. तिनं पंधरवडाभर लपूनछपून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिलं. तो मात्र बोलेनासा झाला. दिल्लीवरचं त्याचं मत कोणी विचारलं तरी तो कांदा चिरत राहायचा. एका संध्याकाळी शेडचं दार लावता लावता तो म्हणाला, “एवढं आयुष्य गेलं, तुह्या तोंडून नाव कसं वाटते ते आयकाव वाटे. आयकलं तं असं.” गोमतीबाई शेगडीतली राख काढत राहिली. मग तोच म्हणाला, “मले इचारलं असतं तं म्या बी घेऊ देलं नसतं म्हणा.” ते मात्र खरं होतं, आणि त्यानं ते स्वतः म्हटलं, एवढं तरी त्याच्या पदरात टाकलं पाहिजे.

एक विचार तिला आता सारखा छळायचा. त्या दिवशी फोन लावून, नुसतं नाव सांगायला तो रंजीताच्या कानाला लावला असता तरी चाललं असतं. चहाच्या पुड्यावर नंबर लिहिला तसं नाव लिहून कोणाला दाखवलं असतं तरी चाललं असतं. आता तिला वाटा भराभर सुचायच्या, आणि सुचलं की ती हातातलं काम टाकून उभी राहायची.

रंजीता अकोल्याहून परत आली तेव्हा पायात सळई होती. गुडघा वाकत नव्हता. वाकेल की नाही ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि राजपालनं विचारलं नाही. दहावीची परीक्षा पुढच्या वर्षी पाहू, असं घरचे म्हणत होते. पुढच्या वर्षीची गोष्ट कोण कोणाला विचारतो. तिच्या आईनं सायकल कोठ्यात लावून टाकली होती.

गोमतीबाई निळा जग पाण्यानं भरून घेऊन गेली. राजपालच्या घरी पाणी नव्हतं असं नाही. पण हातात काही नसताना त्या दारात जायची तिला हिंमत होत नव्हती. रंजीता ओसरीत बाजेवर, भिंतीला टेकून बसली होती. काकूंना पाहून ती हसली, पहिल्यासारखीच.

“काय आणलं वं काकू? लोटा?”

“जग,” गोमतीबाई म्हणाली. “जग हाये माय.”

रंजीतानं डोळे मोठे केले. “काय सांगता! नाव घेता आता? मंजू सांगत होती, पोलिसायपुढं घेतलं म्हणे.”

गोमतीबाई बाजेच्या कडेला टेकली. रंजीतानं ग्लासात पाणी घेतलं, थोडं प्याली, आणि तोंड पुसून, मोठ्या माणसानं लहानाची समजूत काढावी तसं म्हणाली, “तुमी मनाले लावून घेऊ नोका काकू. तुमी तं आधीच सांगितलं होतं. त्यायनंच ध्यान देलं नसन.”

गप्प बसलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पोलिसांना बोल लावून सगळं गाव मोकळं होतं, तीही झाली असती, आणि पोरगी तिला आयुष्यभर भली म्हणत राहिली असती. गोमतीबाईला हे सगळं दिसत होतं. भागिरथानं एकदा तिच्या माथी मारलेलं खोटं तिनं जन्मभर वाहिलं होतं. आता हे दुसरं खोटं तिला या पोरीच्या माथी मारायचं नव्हतं, की पोलीस सांगूनही ध्यान देत नाहीत.

“म्या सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली.

“पोलीस तं आले होते.”

“आले होते. बिचाऱ्यानं जवळ येऊन इचारलं बी, कोणती गाडी म्हणून. म्या चुकून फोन लागला म्हटलं. तुले खोटं सांगितलं.”

रंजीता तिच्याकडं पाहत राहिली. “काहून पण?”

“नाव घ्या लागत होतं.”

“कोणाचं?”

“गाडीवरचं. बबलूच्या बाबाचं.” गोमतीबाई थांबली. मग म्हणाली, “जगदेव.”

आत राजपालची बायको भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. रंजीतानं ग्लास बाजेवर ठेवला.

“पोलिसायले एवढंच सांगायचं होतं?” तिनं विचारलं.

“एवढंच,” गोमतीबाई म्हणाली.

रंजीतानं दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलला, बाजेच्या आतल्या अंगाला घेतला, आणि भिंतीकडं तोंड करून पडली. गोमतीबाई जग तिथंच ठेवून उठली आणि फाट्याच्या रस्त्याला लागली.